गुलामगिरीतून पलायन : मुलांना चित्रांतून शिकवताना

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून कृष्णवर्णीय गुलामांनी केलेले पलायन तिथल्या शाळांत खालच्या इयत्तांपासूनच शिकवले जाते, आणि त्यासाठी बहुधा चित्रांचा आधार घेतला जातो. कापसाचे अर्थकारण किंवा घटनादुरुस्ती सात-आठ वर्षांच्या मुलाच्या गळी उतरत नाही. रात्री जंगलातून वाट काढणारी बाई मात्र त्याला लगेच कळते. चित्र पाहिले की मूल आपणहून विचारू लागते : ही कोण, कुठे चालली, हिच्या मागे कोण लागले आहे? इथपर्यंत काम सोपे असते. अडचण पुढे येते. पळून जाणे हा चोरीछुपे करायचा मामला होता; तो घडत असताना शेजारी कोणी चित्रकार उभा नव्हता. आज वर्गात लावल्या जाणाऱ्या चित्रांपैकी काही गुलामांना पकडू पाहणाऱ्यांनी छापलेली आहेत, काही गुलामगिरीविरोधी चळवळीने प्रचारासाठी काढून घेतलेली, तर पुष्कळशी घटनेनंतर पाऊणशे-शंभर वर्षांनी काढलेली. चित्र कोणी, केव्हा आणि कोणासाठी काढले हे न सांगता ते नुसते दाखवले, तर मुलांच्या डोक्यात इतिहासाऐवजी एक छानशी गोष्ट तेवढी शिरते.

मूळ इतिहास थोडक्यात असा. १८६० च्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे ४० लाख गुलाम होते. कायद्याच्या नजरेत ते मालकाची मालमत्ता. आईपासून मूल आणि नवऱ्यापासून बायको वेगळी काढून विकली जाई, आणि दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना लिहा-वाचायला शिकवणे हाच गुन्हा होता. उत्तरेकडच्या राज्यांत गुलामगिरी बंद झालेली असल्यामुळे पळणाऱ्यांचा ओढा तिकडे असे. १८५० मध्ये अमेरिकी काँग्रेसने पळालेल्या गुलामांबद्दलचा कायदा कडक केला. पळालेल्याला आसरा देणाऱ्यास किंवा सोडवू पाहणाऱ्यास १,००० डॉलरपर्यंत दंड आणि ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत होती. त्यानंतर उत्तरेतली शहरेही सुरक्षित उरली नाहीत आणि बऱ्याच जणांना थेट कॅनडा गाठावा लागला. या वाटेवर मदत करणाऱ्यांच्या सैलसर जाळ्याला ‘अंडरग्राउंड रेलरोड’ म्हणतात. त्यात रूळ नव्हते, भुयारही नव्हते. आसऱ्याचे घर म्हणजे ‘स्टेशन’, वाट दाखवणारा ‘कंडक्टर’, पळून येणारे ‘पॅसेंजर’, अशी ती सगळी रेल्वेची बोली होती. मदत करणाऱ्यांत मुक्त कृष्णवर्णीय होते, क्वेकर पंथाचे गोरे होते. मात्र पहिला आणि सर्वांत धोक्याचा टप्पा पळणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःच्याच बळावर पार करी. मुलांना शिकवताना हीच गोष्ट सर्वांत आधी निसटते.

पलायनाचे सर्वांत जुने आणि सर्वांत जास्त छापले गेलेले चित्र आहे ते वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींमधले. गुलाम पळाला की मालक जाहिरात देई. छापखान्यात त्यासाठी तयार ठसे असत : काठीला गाठोडे अडकवून चाललेला एक पुरुष, किंवा हातात बोचके घेतलेली एक बाई. कोणीही पळाले तरी ठसा तोच. चित्रातल्या माणसाला चेहरा नाही. मजकुरात मात्र माणूस सापडतो. वय, उंची, बोलण्याची ढब, अंगावरचे चाबकाचे वळ, अंगी असलेला सुतारकामाचा किंवा लोहारकामाचा हुन्नर, आणि ‘याची बायको अमुक मळ्यावर आहे, तिकडे गेला असावा’ असा अंदाज, एवढे सगळे त्यात असे. मालकाने पकडण्यासाठी दिलेली माहिती त्याच्याच विरुद्ध साक्ष देते. म्हणून हा मजकूर मुलांना वाचून दाखवून, ठशाकडे न पाहता त्या माणसाचे चित्र काढायला सांगणे हा चांगला धडा ठरतो. मेरिलँडमधली मालकीण एलायझा ब्रोडेस हिने ऑक्टोबर १८४९ मध्ये अशीच जाहिरात दिली होती. ‘मिंटी’ नावाची सुमारे २७ वर्षांची, तांबूस तपकिरी वर्णाची, दिसायला चांगली, जेमतेम ५ फूट उंचीची बाई आणि तिचे दोन भाऊ पळाले होते. राज्याबाहेर पकडून दिल्यास प्रत्येकी १०० डॉलर, राज्यात पकडल्यास ५० डॉलर असे बक्षीस होते. भाऊ भ्यायले आणि परतले. मिंटी पुढे एकटी निघाली आणि फिलाडेल्फियाला पोचली. पुढे परत जाऊन इतरांनाही बाहेर काढणारी हॅरिएट टबमन ती हीच. तिच्या शिरावर ४०,००० डॉलरचे बक्षीस होते, असे कितीतरी बालपुस्तकांत छापलेले असते. त्या आकड्याला आधार नाही, आणि वर्गात खरी जाहिरात दाखवली की तो सांगावा लागत नाही.

पळून आलेल्यांनी स्वतः जगासमोर ठेवलेल्या चित्रांमध्ये हेन्री ब्राउनच्या चित्राइतके मुलांना खिळवून ठेवणारे दुसरे नसेल. ब्राउन व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात तंबाखूच्या कारखान्यात राबत होता. १८४८ मध्ये त्याची बायको आणि मुले विकली गेली. २३ मार्च १८४९ रोजी त्याने स्वतःला एका लाकडी खोक्यात बंद करून घेतले आणि मालवाहतूक कंपनीमार्फत फिलाडेल्फियाला रवाना केले. खोके ३ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट ८ इंच खोल होते. आत थोडे पाणी आणि काही बिस्किटे. वर ‘ही बाजू वर ठेवा’ अशी सूचना लिहिली होती, तरी हमालांनी खोके काही वेळ उलटे ठेवले आणि ब्राउन तितका वेळ डोक्यावर उभा होता. प्रवासाला २७ तास लागले. १८५० मध्ये या प्रसंगाचे शिळाछापाचे चित्र विक्रीला आले. झाकण उघडले आहे, ब्राउन कमरेपर्यंत बाहेर आला आहे आणि भोवती लोक उभे आहेत. चित्रातला ब्राउन दमलेला, घामेजलेला नाही. अंगात नीट कपडे आहेत आणि नजर सरळ आहे. २७ तास असे काढलेला माणूस इतका टापटीप कसा, हा प्रश्न चौथीतले मूलही विचारते, आणि तो विचारला गेला की धडा सुरू होतो. चित्र घटनेचा फोटो नव्हते. उत्तरेतल्या लोकांना या माणसाबद्दल आदर वाटावा आणि व्याख्यानांना गर्दी व्हावी म्हणून ते काढलेले होते. ब्राउनने पुढे गुलामगिरीची दृश्ये रंगवलेला लांबलचक सरकता चित्रपट्टा तयार करवला आणि तो गावोगाव उलगडून दाखवत फिरला. ज्या गोऱ्या चांभाराने खोके पाठवायला मदत केली होती, तो पुन्हा तसाच प्रयत्न करताना पकडला गेला आणि तुरुंगात गेला, हेही सांगायला हवे.

याच शिळाछापावरून स्फूर्ती घेऊन चित्रकार कदीर नेल्सनने ‘हेन्रीज फ्रीडम बॉक्स’ (२००७) हे बालपुस्तक रंगवले. मजकूर एलेन लिव्हाइन या लेखिकेचा आहे. नेल्सनने आधी पेन्सिलीच्या आडव्या-उभ्या रेघांची जाळी विणली आणि तिच्यावर जलरंग व तैलरंग चढवले, त्यामुळे पानांवर जुन्या छापचित्राचा पोत उतरला आहे. या पुस्तकाला २००८ मध्ये बालपुस्तकांतल्या चित्रांसाठीचा कॅल्डेकॉट सन्मान मिळाला. वर्गात जुने छापचित्र आणि नवे पान शेजारी ठेवले की फरक मुलांना बोट ठेवून दाखवता येतो. एकात सुटलेल्या माणसाभोवती जमलेले लोक महत्त्वाचे आहेत, दुसऱ्यात त्या माणसाचे दुःख. खोक्याची मापे खडूने जमिनीवर आखून दाखवणेही उत्तम. एखाद्या मुलाला खोक्यात बसवून झाकण लावणे मात्र उत्तम नाही. त्याबद्दल पुढे.

कोणाला मधोमध ठेवले आहे, हा प्रश्न दोन गाजलेल्या तैलचित्रांवरून चांगला कळतो. चार्ल्स वेबर या चित्रकाराने १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी ‘द अंडरग्राउंड रेलरोड’ हे चित्र काढले; ते आज सिनसिनाटीच्या कलासंग्रहालयात आहे. बर्फाळ पहाट आहे. लेव्हाय कॉफिन, त्याची पत्नी कॅथरिन आणि त्यांचे सहकारी पळून आलेल्या एका तांड्याला आधार देऊन पुढे नेत आहेत. कॉफिन दांपत्याने खरोखरच पुष्कळांना आसरा दिला होता, त्यामुळे चित्र खोटे म्हणता येत नाही. पण चित्रातली सगळी हालचाल गोऱ्या मंडळींच्या हाती आहे. कृष्णवर्णीय माणसे थकलेली, वाकलेली, नेली जाणारी आहेत. याउलट ईस्टमन जॉन्सनचे ‘अ राइड फॉर लिबर्टी’ हे चित्र १८६२ च्या सुमाराचे, यादवी युद्ध चालू असतानाचे. व्हर्जिनियातल्या मनॅससजवळ हा प्रसंग आपण स्वतः पाहिला, असे चित्रकाराने नोंदवून ठेवले आहे. एका घोड्यावर पूर्ण कुटुंब : बापाची नजर पुढे, त्याच्यापुढे घोड्याच्या मानेला बिलगलेला लहान मुलगा, मागे बसलेली आई. घोडा भरधाव आहे. क्षितिजाजवळ, अगदी लहान, सैन्याच्या संगिनी चमकताना दिसतात. मदतीला कोणीच नाही. मुलांना हे चित्र दोन मिनिटे गप्प बसून पाहू द्यावे आणि मग विचारावे की आई मागे वळून का पाहते आहे. पाठलाग होतो आहे का हे पाहायला, असे बहुतेक जण सांगतात. एखादे मूल म्हणते, मागे तिची आई राहिली असेल. आईच्या छातीशी आणखी एक तान्हे बाळ आहे, हे बऱ्याच जणांना पहिल्या फेरीत दिसतच नाही.

विसाव्या शतकात हा इतिहास पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर कृष्णवर्णीय चित्रकारांच्या हाती आला, आणि त्यांत जेकब लॉरेन्सचे नाव आधी घ्यावे लागते. लॉरेन्सचा जन्म १९१७ चा. तो किशोरवयात न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आला, तेव्हा आई कामावर गेली की पोरगा उनाडू नये म्हणून तिने त्याला शाळेनंतरच्या एका बालकेंद्रात घातले. तिथे चार्ल्स ऑल्स्टन हा तरुण चित्रकार मुलांना शिकवी. शिकवी म्हणजे रंग आणि कागद हाती देई आणि फारशी ढवळाढवळ करत नसे. लॉरेन्सने तिथे पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या आतल्या बाजूंवर हार्लेमचे रस्ते रंगवले. खोके रंगमंचासारखे समोर ठेवायचे आणि आत डोकवायचे. शाळेत कृष्णवर्णीयांचा इतिहास त्याला जवळजवळ शिकवलाच गेला नाही. तो कळला १३५ व्या रस्त्यावरच्या सार्वजनिक ग्रंथालयात आणि वस्तीतल्या व्याख्यानांत. एवढी मोठी माणसे एका चित्रात मावणार नाहीत असे वाटल्यामुळे त्याने चित्रमालिका काढायला घेतल्या. १९३७-३८ मध्ये हैतीतल्या गुलामांच्या उठावाचा नेता तुसाँ लुव्हर्त्युर याच्यावर ४१ चित्रे, १९३८-३९ मध्ये गुलामगिरीतून पळून आलेला नेता फ्रेडरिक डग्लस याच्यावर ३२, आणि १९३९-४० मध्ये हॅरिएट टबमनवर ३१. शेवटच्या दोन्ही मालिका व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन विद्यापीठाच्या संग्रहालयात आहेत. टबमनची मालिका संपली तेव्हा लॉरेन्स तेवीसच्या आसपास होता.

प्रत्येक चित्र फूट-दीड फुटाचे, जाड फळीवर केसिन टेम्पेरा रंगांत काढलेले, आणि प्रत्येकाखाली दोन-चार वाक्ये. टबमन मालिकेतल्या चौथ्या चित्रात गुलामांची मुले उन्हाळ्यात वाळूवर कोलांट्या मारताना दिसतात. हातपाय लांबच लांब, सारी चौकट उड्यांनी भरलेली. लगेच पुढच्या चित्रात मुकादमाने डोक्यात घातलेला लोखंडाचा घाव येतो. त्या जखमेने टबमनला जन्मभर झोपेचे झटके येत राहिले. सातव्या चित्रात ती ओंडका करवतीने कापते आहे. इथे मुलांना थांबवावे. तिचे दंड आणि हात शरीराच्या मानाने कितीतरी मोठे आहेत. लॉरेन्सला माणसाचे प्रमाण जमत नव्हते म्हणून हे झालेले नाही. पाच फुटांची ही बाई नांगर धरत होती, गाड्या ओढत होती, लाकडे वाहत होती. त्या कामाने कमावलेले अंगच पुढे तिला शंभर मैल चालवणार होते. चित्रकाराने मोठे काय केले आणि लहान काय केले, हे पाहायला शिकलेले मूल पुढे कोणतेही चित्र तितक्याच सावधपणे पाहते. लॉरेन्सने १९६८ मध्ये मुलांसाठी ‘हॅरिएट अँड द प्रॉमिस्ड लँड’ हे पुस्तकही काढले. त्यातली हॅरिएट देखणी नाही, तिच्या वाटेवर भीती आणि थकवा आहे. मुलांच्या पुस्तकात हे असावे का, असे काही जणांना तेव्हा वाटले. पुस्तक आज त्या विषयातला मानदंड मानले जाते.

टबमनच्या बाबतीत आकड्यांकडेही लक्ष द्यावे लागते. साराह ब्रॅडफर्डने एकोणिसाव्या शतकात लिहिलेल्या चरित्रामुळे १९ फेऱ्या आणि ३०० माणसे हा हिशेब रूढ झाला आणि चित्रांखाली, भिंतीपत्रकांवर तोच छापला जातो. अलीकडच्या संशोधनानुसार तिने सुमारे १३ फेऱ्यांत ७० च्या आसपास माणसे बाहेर काढली, शिवाय आणखी कित्येकांना वाट समजावून सांगितली. सत्तर ही संख्या लहान नाही. पकडले गेल्यास मरण समोर असताना तेरा वेळा परत जाणे म्हणजे काय, हे मुलांना तीनशेच्या आकड्यावाचूनही समजते. तिचे दुसरे रूढ चित्र म्हणजे शाल पांघरलेली सुरकुतलेली म्हातारी. १८६८-६९ च्या सुमारास काढलेला तिचा मध्यमवयातला एक फोटो एका जुन्या अल्बममध्ये सापडला आणि २०१७ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेस व वॉशिंग्टनचे आफ्रिकी-अमेरिकी इतिहास संग्रहालय या दोघांनी मिळून तो विकत घेतला. घेरदार पोशाखातली, खुर्चीवर ताठ बसलेली ही बाई पाहिली की पलायन ही आजीबाईची गोष्ट राहत नाही.

चित्रकार फेथ रिंगगोल्डची (१९३०-२०२४) वाट लॉरेन्सपेक्षा वेगळी होती. तिची खापरपणजी गुलाम होती आणि गोधड्या शिवत असे. आई कपड्यांचे आरेखन करणारी. आईच्या मदतीने रिंगगोल्डने १९८० मध्ये पहिली गोधडी केली आणि पुढे मधोमध चित्र, कडेने ठिगळांची चौकट आणि मजकूर अशा ‘कथा-गोधड्या’ घडवल्या. ‘आंट हॅरिएट्स अंडरग्राउंड रेलरोड इन द स्काय’ (१९९२) या पुस्तकात कॅसी आणि तिचा धाकटा भाऊ बीबी आकाशात उडताना त्यांना एक खरीखुरी आगगाडी भेटते. कंडक्टर आहे हॅरिएट टबमन. बीबी गाडीत चढून जातो आणि कॅसीला एकटीने, पायी, त्याच्या मागून जावे लागते. मुले ‘रेलरोड’ हा शब्द जसाच्या तसा घेतात हे ओळखून रिंगगोल्डने गाडीच आणली आणि ती आकाशात नेऊन ठेवली. ही कल्पना आहे हे पाचवीतल्या मुलाला पहिल्या पानापासून माहीत असते, म्हणून तिच्यातून गैरसमज होत नाही.

गैरसमज झाला तो दुसऱ्याच गोधडीतून. १९९९ मध्ये ‘हिडन इन प्लेन व्ह्यू’ हे पुस्तक निघाले. दक्षिण कॅरोलिनात गोधड्या विकणाऱ्या एका बाईने सांगितलेल्या कौटुंबिक आठवणीवर ते बेतलेले होते. गोधड्यांच्या नक्षीत सांकेतिक खुणा होत्या, कुंपणावर वाळत घातलेली गोधडी पाहून पळणाऱ्यांना निघायची वेळ, दिशा, धोका कळत असे, असा त्यातला दावा. शाळांनी तो उचलून धरला. चौकोनी कागद कापायचे, नक्षी चिकटवायची, संकेत शिकायचा. गणित, कला आणि इतिहास एकाच तासात. अडचण एवढीच की पुरावा नाही. फिलाडेल्फियात शेकडो पळालेल्यांच्या हकिकती टिपून ठेवणाऱ्या विल्यम स्टिलच्या १८७२ च्या ग्रंथात असा संकेत नाही, पळून आलेल्यांच्या आत्मचरित्रांत नाही, आणि १९३६ ते १९३८ दरम्यान सरकारी प्रकल्पात नोंदवलेल्या माजी गुलामांच्या २,३०० हून अधिक मुलाखतींतही नाही. संकेतातल्या काही नक्षी तर त्या काळात प्रचारात होत्या याचीच खात्री नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळ फ्रेडरिक डग्लसच्या स्मारकात हीच नक्षी दगडात बसवायचे ठरले, तेव्हा इतिहासकारांनी जाहीर आक्षेप घेतला. सप्तर्षी आणि ध्रुवताऱ्याची खूण सांगणारे म्हणून शिकवले जाणारे ‘फॉलो द ड्रिंकिंग गोर्ड’ हे गाणेही छापील स्वरूपात प्रथम दिसते ते १९२८ मध्ये, गुलामगिरी संपल्यानंतर ६३ वर्षांनी. पळणारे ध्रुवतारा पाहून चालत हे खरे, टबमन इशाऱ्यासाठी भजने गात असे याचीही नोंद आहे. पण नकाशा सांगणारे गाणे आणि बोलणाऱ्या गोधड्या यांची भर नंतरची. गोधडीचा तास त्यामुळे सोडून द्यायला नको. ‘ही गोष्ट खरी मानायला आपल्याला कोणता पुरावा लागेल?’ हा प्रश्न नक्षीशेजारी लिहिला की तोच तास इतिहासाचा होतो.

चित्राने खोटे सांगण्याचा याहून वाईट प्रकार २०१६ च्या जानेवारीत पाहायला मिळाला. जॉर्ज वॉशिंग्टनच्या वाढदिवसाचा केक हा विषय असलेले एक बालपुस्तक नावाजलेल्या प्रकाशनसंस्थेने बाजारात आणले. त्यात वॉशिंग्टनचा गुलाम स्वयंपाकी हर्क्युलिस आणि त्याची मुलगी हसतमुखाने, अभिमानाने केक करताना दाखवले होते. टीकेचा भडिमार झाला आणि पुस्तक काही दिवसांतच मागे घेतले गेले. खरा हर्क्युलिस २२ फेब्रुवारी १७९७ रोजी, वॉशिंग्टनच्या ६५ व्या वाढदिवशीच, माउंट व्हर्ननहून पळून गेला होता. काही आठवड्यांनी एका पाहुण्याबरोबर आलेल्या माणसाने हर्क्युलिसच्या लहान मुलीला विचारले की बाबा दिसणार नाहीत म्हणून वाईट वाटते का. बाबा आता मोकळे झाले म्हणून आपल्याला खूप आनंद वाटतो, अशा अर्थाचे उत्तर तिने दिले. चित्रकाराला काढायला याहून चांगला प्रसंग कोणता हवा होता?

मुलांना किती दाखवावे, हा प्रश्न शिक्षकांना सतावतो, आणि त्याला वयाचा एक आकडा हे उत्तर नाही. सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर या संस्थेने २०१८ मध्ये केलेल्या पाहणीत बारावीच्या विद्यार्थ्यांपैकी अवघ्या ८ टक्क्यांना यादवी युद्धाचे मुख्य कारण गुलामगिरी हे ओळखता आले. म्हणजे थोपवून धरण्याने काही साधत नाही. लहान वर्गांत माणसांनी विरोध कसा केला, कुटुंब कसे टिकवले, सुटका कशी करून घेतली इथून सुरुवात करावी. चाबूक आणि लिलाव नाव घेऊन सांगावेत, पण त्यांची रक्ताळलेली चित्रे भिंतीवर टांगू नयेत. नाटकाच्या नावाखाली काही मुलांना गुलाम आणि काहींना पकडणारे करणे, मैदानावर ‘पलायनाचा खेळ’ खेळणे, हे अनेक शाळांनी करून पाहिले आणि त्याने मुले, विशेषतः कृष्णवर्णीय मुले, दुखावली गेली. पळणे हा खेळ नव्हता, आणि वर्गातल्या घंटेबरोबर संपणारी भीती ही त्या भीतीची ओळखही नव्हे. खोक्यात मूल बसवू नये ते याचसाठी. चित्रात हेच अंतर आपोआप राखले जाते : मूल पाहते, विचार करते, पण कोणाची भूमिका वठवत नाही. मोठ्या मुलांसाठी छायाचित्रकार दाऊद बे याची २०१७ ची मालिका आहे. ओहायोतल्या क्लीव्हलँड आणि हडसन परिसरातली घरे, कुंपणे, झाडी आणि शेवटी ईरी सरोवराचे पाणी त्याने दिवसा टिपले आणि इतके काळेभोर छापले की जवळ जाऊन डोळे सरावल्याशिवाय काही दिसत नाही. एकाही फोटोत माणूस नाही. पाहणाराच पळणाऱ्याच्या जागी उभा असतो.

या इतिहासाचे मराठीशी नाते दोन ठिकाणी जुळते. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले, तेव्हा ते अमेरिकेतल्या ज्या सज्जनांनी तिथली गुलामगिरी उठवण्यासाठी झीज सोसली त्यांना अर्पण केले. अमेरिकेत कायद्याने गुलामगिरी संपून तेव्हा जेमतेम ८ वर्षे झाली होती. दुसरे ठिकाण आणखी जवळचे आहे. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्या गुलामांपैकी काही जण सह्याद्रीच्या जंगलात पळून गेले, आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजातले पुष्कळजण त्यांचे वंशज मानले जातात. ते कोकणी बोलतात, आणि त्यांच्या बायका जुन्या लुगड्यांची ठिगळे जोडून ‘कवंदी’ शिवतात. शिवण काठापासून सुरू होऊन आत मध्यापर्यंत जाते, आणि चारही कोपऱ्यांत ‘फुले’ म्हणजे दुमडलेल्या कापडाचे त्रिकोण लावल्याशिवाय ती पूर्ण मानत नाहीत. इथेही कोणता संकेत दडलेला नाही; ज्यांचे पूर्वज पळून जंगलात जगले त्यांच्या हातची ती वस्तू आहे, एवढे पुरेसे आहे.

मराठी शाळेत हा विषय घ्यायचा तर साहित्याची अडचण नाही. जॉन्सनचे घोड्यावरचे कुटुंब, ब्राउनचे खोके, पळालेल्या गुलामांच्या जाहिराती आणि स्टिलच्या ग्रंथातली चित्रे यांचे स्वामित्वहक्क कधीच संपले आहेत आणि अमेरिकेतल्या संग्रहालयांनी व ग्रंथालयांनी त्यांच्या प्रती सर्वांना खुल्या केल्या आहेत. लॉरेन्स, रिंगगोल्ड, नेल्सन यांच्या चित्रांना हक्क लागू आहेत. ती पुस्तकातून दाखवावीत, त्यांच्या प्रती काढून वाटू नयेत. एका तासाला एकच चित्र घ्यावे, आणि ज्याने ते काढले त्याचे नाव व साल फळ्यावर आधी लिहावे.